चानकी



आजचं वाचन महाभारतातलं, महाप्रस्थानिक पर्व. अठरापैकी सतरावं, आणि अगदी छोटं, तीनच अध्याय. पाच पांडव आणि द्रौपदी हिमालयाकडे चालत निघतात, मागोमाग एक कुत्रा. वाटेत द्रौपदी पडते, मग एकेक भाऊ पडतो. शेवटी युधिष्ठिर आणि कुत्रा एवढेच उरतात. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, चढ, पण कुत्रा खाली राहील. युधिष्ठिर नाही म्हणतो. पुढचं तुम्हाला माहितीच आहे.

हे पर्व मी या आठवड्यात दोनदा पुढे ढकललं. कारण सांगतो.

आमचं मूळ घर शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठच्या बाजूला. नदीच्या पलीकडे दौंड तालुका, अलीकडे आम्ही. फाल्गुनात मी शक्यतो दोन-तीन वीकेंड तिकडे काढतो. लॅपटॉप नेतो, पण उघडत नाही. हे दिवस मला फार आवडतात. पहाटे अजून अंगावर शाल लागते आणि दहा वाजता शर्ट चिकटतो. गहू पिवळा पडलेला, ज्वारीची काढणी चाललेली, लिंबाची पानगळ, बांधावर एखादा पळस पेटलेला. वारा नदीकडून आला की पलीकडच्या गुऱ्हाळाचा वास येतो.

आणि काकींची चूल. पुण्यात आम्ही ज्वारीचं पीठ ऑनलाइन मागवतो, पण भाकरी अशी होत नाही. काटवटीत थापलेली, तव्यावर पाणी फिरवलेली, मग चुलीच्या तोंडाशी उभी करून शेकलेली, टम्म फुगलेली. तिचा पापुद्रा उचलून आत शेंगदाण्याची चटणी आणि तेल. कधी हुलग्याची शेंगोळी, कधी नुसतं पिठलं आणि कांदा. शेवटी उरलेल्या पिठाची काकी एक छोटी भाकरी करतात, तिला चानकी म्हणतात. लहानपणी ती माझी असायची. आता ती वाघ्याची.

वाघ्या म्हणजे आमचा कुत्रा. नाव खंडोबावरून. खंडोबाला वाहिलेले वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे मानतात. बिबट्याच्या मुलखातल्या कुत्र्याचं नाव वाघ्या, हा विनोद नानांना (माझे चुलते) मात्र बिलकुल आवडत नाही.

गावी गेलो की मी त्याला पहाटे फिरायला नेतो, दोरी बांधून. नानांच्या मते हा शुद्ध पुणेरी उद्योग. "आरं, कुत्र्याला कशाला फिरवायला लागतंय? ते आपलं आपन फिरतंय."

तर मागच्या पंधरवड्यातली गोष्ट. शनिवार, सहा वाजले असतील, नीट उजाडलं नव्हतं. पाटाच्या कडेनं चाललो होतो. एका बाजूला तोडून मोकळं झालेलं रान, दुसऱ्या बाजूला अजून उभा असलेला ऊस. वाघ्या थांबला. मानेवरचे केस ताठ. गुरगुरला नाही, भुंकलाही नाही, नुसता उसाकडे बघत राहिला. मग आत काहीतरी सरकलं, पाचट वाजलं.

मी दोरी सोडली आणि पळालो.

घराच्या ओट्यापर्यंत मागे वळून पाहिलं नाही. चप्पल एकच उरली होती. काकी चुलीपाशी होत्या. त्यांनी विचारलं, "वाघ्या कुटंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाचेक मिनिटांनी तो आला, दोरी ओढत, शेपूट हलवत, आणि थेट माझ्या पायाशी येऊन बसला. नानांनी नंतर जाऊन पाटाचा चिखल पाहिला. ठसे काही दिसले नाहीत. रानडुक्कर असेल, कोल्हा असेल.

त्याच गुरुवारी मी इथे गीतेच्या पाचव्या अध्यायातल्या अठराव्या श्लोकावर लिहिलं होतं. ज्ञानी माणूस ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा सगळ्यांकडे समान नजरेनं बघतो, तो श्लोक. छान झाला होता लेख. बऱ्याच जणांनी फॉरवर्ड केला.

आता कोणी म्हणेल, बिबट्यापुढे पळणं यात पाप कसलं? मीही गावाहून पुण्यापर्यंत हेच आर्ग्युमेंट घासून पक्कं केलं. शिवाय दोरी सोडली हे बरंच झालं, बांधलेला कुत्रा पळू शकत नाही! लॉजिक बरोबर आहे. फक्त दोरी सोडताना यातलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. लॉग नंतर लिहिलाय.

युधिष्ठिराला इंद्र हाच पेच टाकतो. बायको सोडलीस, भाऊ सोडलेस, मग कुत्र्याचाच एवढा आग्रह का? लहानपणी गोष्ट ऐकताना मला हा प्रश्न कधी पडला नव्हता, पण प्रश्न रास्त आहे. युधिष्ठिराचं उत्तर साधं आहे. ते मेले, मी त्यांना उठवू शकत नव्हतो. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. म्हणजे काय वाचवू शकलो नाही यावर तो त्याग मोजत नाही. समोरचा जिवंत आहे, माझ्या भरवशावर आहे, आणि मी हात काढून घेतला, तो त्याग.

मूळ संस्कृतात या कुत्र्यासाठी शब्द आलाय 'भक्त'. आपण हा शब्द आपल्यासाठी किती सहज वापरतो. याच शब्दाचा दुसरा अर्थ शिजवलेलं अन्न, आपला 'भात' तिथूनच आला. मुळात धातू वाटून घेण्याचा, वाट्याला येण्याचा. नामदेव महाराजांची कथा आठवा, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले ते. ते कुत्र्यामागे धावले. मी उलट्या दिशेनं.

रात्री जेवताना मी नानांना म्हटलं, वाघ्याला रात्री अंगणात बांधू नका, आत घ्या. गोठ्याजवळ बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याचं ताटच की. मी अभ्यासही ऐकवला. शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला होता, २०१४ साली तो निबंध आला. वजनाच्या हिशोबानं त्याच्या खाण्यात सर्वात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. म्हणजे कुत्रा राखण करतो तसाच बिबट्याला दारापर्यंत आणतोही.

नाना शांतपणे जेवत होते. काकी म्हणाल्या, "आत घेतला तर शेळ्यांकडं कोन बघनार? त्यो भुकतो म्हनून आमाला कळतं. पोरं झोपत्यात त्याच्या जिवावर."

यावर काय बोलणार? २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यात लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जाणाऱ्या माणसांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. त्या दिवसांत नाना रात्र-रात्र जागे असायचे. मी खराडीत अकराव्या मजल्यावर झोपत होतो.

मग नाना म्हणाले, "तुझं बरोबर हाय. कुत्र्यामुळं येतंय ते. मग काय करू, सोडून येऊ याला नदीपल्याड?"

तेवढ्यात लक्षात आलं की इंद्रही नेमकं हेच सांगत होता. सोड त्याला, तुझं भलं होईल, यात निर्दयपणा काही नाही. युधिष्ठिराच्या उत्तरात तिथे एक शब्द येतो, आनृशंस्य. यक्षप्रश्नातही येतो, तो नकुलाला मागतो तेव्हा. अहिंसेसारखा भव्य शब्द नाही तो. निष्ठुर न होणं, इतकंच. नाना कुत्र्याला रात्री बांधतात आणि स्वतः तीनदा उठून बॅटरी मारून बघतात. मी कुत्र्यावर प्रेम करतो आणि रविवारी निघून येतो. आनृशंस्य कोणाकडे जास्त, हे मला सांगता येईना.

आणि उसातल्या त्याचं काय, हा प्रश्न आहेच. घोड धरण, चासकमानचा कालवा, पाणी आलं, ऊस आला, आणि त्याच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या. त्याला जंगल माहितीच नसेल. त्याच्याकडे समान नजरेनं बघणं मला जमत नाही, आणि जमल्याचं नाटक आज करत नाही.

शेवटी मधला मार्ग निघाला. गोठ्याला लागून लोखंडी जाळीची छोटी खोली, वरूनही बंद. भुंकता येईल, दिसेल, पण कोणाला ओढून नेता येणार नाही. तिकडे बरेच जण करतात आता. वेल्डिंगवाल्याचे पैसे मी यूपीआयनं पाठवले, दहा सेकंदांत. फार स्वस्तात सुटलो असं वाटलं, म्हणजे बरं वाटलं नाही.

काल काकींचा फोन होता. जाळी बसली, पण वाघ्या आत जाईना. दाराशी बसून राहतो. मग त्यांनी चानकी आत नेऊन ठेवली, आणि तो खाईपर्यंत स्वतःही आत बसून राहिल्या.