चोर, संन्यासी आणि सिरियल पोर्ट

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. संगणक एक भाषा बोलतो, यंत्र दुसरी. मध्ये बसून इकडचं तिकडे पोहोचवायचं, एवढंच त्याचं काम. पण दुभाष्यानेच न्यायाधीश व्हायचं ठरवलं तर?

यूएसबी आणि सिरियल यांची सांगड घालणाऱ्या चिप्स बनवणारी एफटीडीआय ही ग्लासगोची कंपनी. तिच्या चिप्सच्या नकला बाजारात भरपूर, आणि त्या कंपनीचाच ड्रायव्हर फुकटात वापरत. कंपनीचा राग रास्त होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून तिचा नवा ड्रायव्हर लोकांच्या संगणकांवर पोहोचला. नकली चिप सापडली की तो तिचा ओळख क्रमांक पुसून शून्य करत असे. मग ते उपकरण दुसऱ्या संगणकाला लावलं तरी ओळखलं जाईना. ओरड झाली, अपडेट मागे घेतलं गेलं. २०१६ साली कंपनीने दुसरी तऱ्हा काढली: नकली चिप असेल, तर येणाऱ्या माहितीच्या जागी ‘हे उपकरण अस्सल नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य घुसवायचं.

‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ म्हणून विषय संपवता येईल. पण थांबा. पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत एखाद्या नारळवाल्याच्या गल्ल्यात खोटी नोट आली, तर बँक ती जप्त करते आणि बदल्यात छदामही देत नाही. तिथेही चोर मोकळा, भुर्दंड निरपराध्याला. ते आपण मान्य करतो. मग चिपचंच वेगळं काय?

मला तीन फरक दिसतात. खोट्या नोटेचा नियम जाहीर आहे, बँक नोटेवर तसा शिक्का मारते, पावती देते. ड्रायव्हरने काही न सांगता हात चालवला. दुसरं, खोटी नोट चालू राहिली तर पुढचा माणूस फसतो. नकली चिप मात्र तिचं ठरलेलं काम करतच असते. तिसरा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो. अपडेट आपण घरात घेतो ते दुरुस्तीसाठी. त्या विश्वासाच्या दारातून शिक्षा आत आली, की माणसं दारच बंद करतात, आणि मग सुरक्षेची खरी अपडेट्सही बाहेरच राहतात.

कंपनीने काय करायला हवं होतं? ‘ही चिप आमची नाही, मी चालवणार नाही’ असं स्पष्ट सांगून थांबायचं. नकार देण्याचा तिला पूर्ण हक्क होता. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू बिघडवणं हा नकार नव्हे. आणि २०१६ चा उपाय तर मला अधिकच खटकतो: वजनकाट्याच्या आकड्याच्या जागी भलतंच वाक्य धाडणारा दुभाषा मालकाशी एकनिष्ठ असेल, पण खोटी साक्ष देतो.

लिनक्सच्या ड्रायव्हरने मात्र तो शून्य क्रमांकही आपल्या यादीत घेतला. नकलेचं समर्थन म्हणून नव्हे. समोरच्याचं बोलणं पोहोचवायचं, त्याचा निवाडा करायचा नाही, हा दुभाष्याचा धर्म म्हणून, असं मी समजतो. कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांच्या हाती दुसऱ्याच्या यंत्रात शिरायची परवानगी रोज असते. ती कशासाठी मिळाली होती, एवढं विसरू नये.