तळं खोदणारा योगी

पाऊस लांबला की गावोगाव देव पाण्यात ठेवतात, धोंडी निघते. कडुलिंबाच्या डहाळ्या गुंडाळलेल्या पोरावर घरोघरी तांब्याभर पाणी ओततात. विहिरीतला गाळ मात्र तसाच राहतो.

बाराव्या शतकात अशाच कोरड्या मुलखात सिद्धरामेश्वर होते. शिवयोगीच ते, भक्तीत कुठे कमी नव्हते. पण तहानलेल्या सोलापूरसाठी त्यांनी माणसं जमवली आणि तळं खोदलं.

भक्तीला कामाची अशीच जोड देत पुढे गाडगेबाबांनी पंढरपुरात खराटा चालवला, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली.

सिद्धरामेश्वरांचं, म्हणजेच सिद्धेश्वरांचं, मंदिर आजही सोलापूरच्या त्या तळ्यातच उभं आहे. संक्रांतीला तिथे भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांना हात जोडाल, तेव्हा त्याच हातांनी काठावरची निर्माल्याची एखादी पिशवीही उचला.