मोडलेला कान नेमकं काय सांगतो?

मोडलेल्या कानात इअरबड बसत नाही. कानाच्या वाटीतल्या घड्या बुजलेल्या असतात, बाहेरची कड आत वळलेली असते आणि सगळा कान मळून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा दिसतो. इंग्रजीत त्याला फुलकोबीचा कान म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला अशा उपमेची गरज पडत नाही. एसटीत शेजारच्याचा कान दिसला की तो सरळ विचारतो, "कुठल्या तालमीचं म्हणायचं पैलवान?"

हे होतं कसं, ते आधी बघू. कानाच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर एक पातळ आवरण असतं, त्यातून तिला पोषण मिळतं. डोक्याला डोकं घासून किंवा मानेवरच्या पकडीत कान चुरगळला की हे आवरण कूर्चेपासून सुटतं आणि मधल्या फटीत रक्त साचतं. कान टम्म फुगतो. सुरुवातीच्या काही दिवसांत डॉक्टरांनी ते रक्त काढून कान नीट दाबून बांधला तर तो बहुतेक वेळा पूर्ववत होतो. नाही काढलं तर उपाशी कूर्चा मरते, तिच्या जागी वेडीवाकडी नवी कूर्चा आणि तंतू वाढतात, आणि पुढं शस्त्रक्रियेशिवाय तो आकार बदलत नाही. कधीकधी कानाचं भोकही अरुंद होतं.

हे टाळायचं साधन अगदी साधं आहे. दोन कानांवर दोन वाट्या, आत फोम, डोक्यावरून, मागून आणि हनुवटीखालून पट्टे. अमेरिकेतल्या हायस्कूल कुस्तीत ते सक्तीचं आहे. ऑलिम्पिकच्या कुस्तीत मऊ कानपट्टी घालायची मुभा आहे, सक्ती नाही, आणि मोठे मल्ल ती क्वचितच घालतात. आपल्याकडच्या मातीत तर लांग आणि लंगोट यापलीकडं अंगावर काही असण्याची कल्पनाच नाही.

मग प्रश्न असा की उपाय इतका सोपा असताना माणसं तो नाकारतात का? शहरी उत्तर तयारच असतं: अडाणीपणा, मर्दानगीचा फुगा. हे उत्तर फार लवकर येतं म्हणून मला त्यावर भरवसा वाटत नाही. पट्टे सरकतात, घामानं आत चिकचिक होते, मातीत तर विचारूच नका. वस्तादाचा आवाज दबका येतो. शिवाय कुस्तीत डोकं हा स्पर्शाचा अवयव आहे. समोरच्याच्या कानशिलाला कानशील टेकलेलं असतं तेव्हा त्याचं वजन कुठं सरकतंय हे डोळ्यांआधी तिथं कळतं. मध्ये प्लास्टिक आलं की काहीतरी जातंच. पण ही झाली अर्धी कारणं. उरलेलं अर्धं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. मोडलेला कान ही पदवी आहे. दंड फुगवता येतात, फेटा बांधून फ्लेक्सवर फोटो लावता येतो, कान मात्र वर्षानुवर्षं घासल्याशिवाय तसा होत नाही, असं मानलं जातं.

या मानण्याची टिंगल प्लेटोनं जवळजवळ चोवीसशे वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. त्याच्या 'प्रोटागोरस' या संवादात सॉक्रेटिस गमतीनं म्हणतो की स्पार्टाचं खरं बळ त्यांच्या शहाणपणात आहे, पण ते त्यांनी लपवून ठेवलंय. इतर नगरांतले त्यांचे चाहते बिचारे फसतात. ते कान मोडून घेतात, हाताला वाद्या गुंडाळतात, आखूड झगे घालतात, आणि यामुळंच स्पार्टा ग्रीसवर भारी पडतो असं समजतात.

इथं खूण आणि कारण यांची गल्लत आहे. कुस्ती करताना कान मोडतो, पण कान मोडल्यानं कुस्ती येत नाही. समजा दोन पोरं एकाच तालमीत पहाटे चारला उठली, सारख्याच जोर-बैठका काढल्या, सारख्याच लढती केल्या. एकानं कान झाकले, दुसऱ्यानं नाही. दहा वर्षांनी दोघांच्या कानांत जो फरक दिसेल तो मेहनतीचा नसेल, फक्त झाकण्या-न झाकण्याचा असेल. म्हणजे झाकायची सोय झाली त्या दिवसापासून मोडलेला कान मेहनतीचा पुरावा म्हणून कच्चा पडला. तरी मान त्यालाच मिळतो, कारण टळलेल्या इजेची खूण कुठंच उमटत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे रोज दिसतं. रात्री तीनला उठून बंद पडलेली सिस्टीम चालू करणाऱ्याचं मीटिंगमध्ये कौतुक होतं. ती बंदच पडू नये म्हणून आधी तीन महिने टेस्ट लिहीत बसलेल्याचं नाव कुणाला आठवत नाही.

आणि कान झाकणं हे आजकालचं कोवळेपण आहे, हेही खरं नाही. ग्रीक मुष्टियोद्धे सरावात कान झाकत, त्या साधनाला त्यांच्या भाषेत स्वतंत्र नाव होतं. (रोममध्ये १८८५ साली सापडलेला, दमून बसलेल्या मुष्टियोद्ध्याचा ब्राँझचा पुतळा नेटवर बघा. त्याचे सुजलेले कान आणि तांब्यात दाखवलेलं रक्त बघून पोटात कालवतं.) प्लुटार्कनं याच साधनावरून झेनोक्रेटिस या तत्त्वज्ञाचं एक मत नोंदवलंय. त्याचा आशय असा, की ही कानपट्टी मल्लांपेक्षा मुलांना बांधा. ठोशांनी मल्लाचे नुसते कान बिघडतात, वाईट शब्द कानी पडले तर मुलाचा स्वभाव बिघडतो.

मला वाटतं तालमीत या दोन्ही गोष्टी एकाच पोराच्या बाबतीत घडतात. कान मोडायच्या कितीतरी आधी त्याच्या कानावर पडलेलं असतं की कान मोडल्याशिवाय पैलवान होत नाही. तेव्हा त्याचं वय असतं बारा. पंचवीस वर्षांच्या मल्लानं स्वतःच्या कानाचं काय करावं हे मी सांगणार नाही. जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ साली हेच मांडलं की जाणत्या माणसावर त्याच्याच भल्यासाठी सक्ती करू नये. पण त्यानं त्याच पुस्तकात मुलांना या नियमातून वगळलंही. बाराव्या वर्षी मोडलेला कान त्या पोरानं 'निवडला' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? तालमीत आलेल्या पोरांपैकी महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यापर्यंत फार थोडी जातात. बाकीच्यांचा खुराक परवडेनासा होतो, गुडघा जातो, घरी शेती असते. कुस्ती सुटते, कान राहतो. गावात त्याला मान असतो. पुण्या-मुंबईत नोकरी मागायला गेल्यावर त्याच कानाकडं बघून त्याला दारावर उभं राहायचं काम सुचवलं जातं.

मुलींच्या बाबतीत मात्र सगळ्यांना संरक्षण आधी आठवतं, आणि ते कानासाठी नसतं, लग्नासाठी असतं. "कान जपत जा गं, पुढं स्थळं यायचीत." एकाच इजेला मुलाच्या बाबतीत पदवी आणि मुलीच्या बाबतीत खोट म्हणायचं, तर आपण इजेबद्दल बोलतच नाही आहोत. त्यामुळं एखादी मुलगी हट्टानं कान उघडे ठेवून लढत असेल तर तिचं कारण मला त्या मुलांच्या कारणापेक्षा जास्त पटतं.

सक्तीच्या विरोधात एक आक्षेप वजनदार आहे. बॉक्सिंगमध्ये १९८४च्या ऑलिम्पिकपासून डोक्याला शिरस्त्राण आलं आणि २०१३मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं पुरुषांसाठी ते काढलं. रिओत २०१६ला पुरुष बॉक्सर उघड्या डोक्यानं लढले. शिरस्त्राण कातडी फाटण्यापासून वाचवतं, कवटीच्या आत हलणाऱ्या मेंदूला नाही. उलट सुरक्षित वाटल्यानं माणूस जास्त ठोसे खातो, असा युक्तिवाद होता. म्हणजे संरक्षणानंही धोका वाढू शकतो. पण हा युक्तिवाद कानपट्टीला लागू होत नाही. कान झाकला म्हणून कुणी समोरच्याला जास्त जोरात आपटत नाही. इथं इजा कानाला होते आणि वाचतो तोही कानच.

म्हणून माझं मत असं आहे, की अठराच्या आतल्यांनी सरावात कान झाकावेत. कुस्तीगिराचे बहुतेक तास सरावातच जातात. मैदानात वाटलं तर काढा. आणि कान फुगलाच तर त्याच दिवशी दवाखाना. यासाठी कुठल्या महासंघाच्या परिपत्रकाची वाट बघू नये, ते तालमीच्या उंबऱ्यावरच थांबतं. पोरानं किती वाजता उठायचं, काय खायचं, मोबाईल कुणाकडं जमा करायचा हे वस्ताद ठरवतो. "कान बांध" हे त्यानं एकदा म्हटलं की झालं.

त्याची किंमत आहेच आणि ती वस्तादाला नाही, पोराला मोजावी लागेल. गावच्या जत्रेत पंच जोड लावतात ते अंगाकडं बघून, नावाकडं बघून, आणि कानाकडंही बघून. सरळ कानांच्या या पोराला पहिली दोन-तीन वर्षं कमी इनामाच्याच कुस्त्या मिळतील.