पाहुण्याचा धर्म

आमचा एक जुना विद्यार्थी अलास्कांतील डेनाली राष्ट्रीय उद्यानांत आठ दिवस पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडून आला. सुमारें २४ हजार चौरस किलोमीटरांचा तो मुलूख; त्यांत मोटाररस्ता काय तो एकच, पायवाटा फारच थोड्या, आणि तपकिरी अस्वलाची गांठ केव्हां पडेल याचा नेम नाहीं. “काय रे, भीति नाहीं वाटली?” असें आम्हीं विचारलें. तो हंसून म्हणाला, “सर, मी स्वतःच्या जबाबदारीवर गेलों होतों. बरें-वाईट झालें असतें तर माझें झालें असतें.” उत्तर बाणेदार खरें, परंतु तो निघून गेल्यावर आम्ही विचार करूं लागलों कीं, अशा साहसाची जोखीम एकट्या साहस करणाराचीच असते काय?

घडलेल्या गोष्टी निराळें सांगतात. १९६७ सालच्या ऑगस्टमध्यें माँटानांतील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानांत एकाच रात्रीं, दोन निरनिराळ्या ठिकाणीं, दोन तरुणी अस्वलांच्या हल्ल्यांत मरण पावल्या. १९१० सालीं उद्यान स्थापन झाल्यापासून असें घडलें नव्हतें. एके ठिकाणीं प्रवाशांच्या निवासाजवळ खरकटें टाकलें जाई, आणि तें खावयास येणारीं अस्वलें पाहणें ही पाहुण्यांची रोजची करमणूक होती. दुसऱ्या ठिकाणचें अस्वल तंबूंतील अन्नाला सोकावलें होतें. पुढें अस्वलांना गोळ्या घालण्यांत आल्या. खरकटें टाकणारे आणि कौतुकानें पाहणारे सुखरूप आपापल्या घरीं गेले.

द्वेषानेंच असें होतें असेंही नाहीं. टिमथी ट्रेडवेल हा गृहस्थ तेरा उन्हाळे कॅटमाईच्या अस्वलांत राहिला. त्यांच्यावर त्याचा जीव होता. २००३ सालच्या ऑक्टोबरांत तो व त्याची सहचारिणी अस्वलाच्या तोंडीं पडलीं, आणि त्यांचे मृतदेह आणावयास गेलेल्यांना तेथें दोन अस्वलें मारावीं लागलीं. प्रेम होतें, मर्यादा नव्हती. युधिष्ठिरानें स्वतःला पणास लावलें तो त्याचा प्रश्न. पण दुसऱ्याला पणास लावण्याचा अधिकार त्याला कोठून आला, हा द्रौपदीचा प्रश्न या रानांतही उभा राहतो. आपण प्राण पणास लावतों, तेव्हां आणखी एक प्राण, ज्याला कोणीं विचारलेलें नाहीं, तोही पणास लागतो.

मग तेथें जाऊंच नये काय? असें आम्हांस वाटत नाहीं. ज्यानें अरण्य पाहिलें नाहीं तो त्याच्या रक्षणासाठीं फारसा झगडावयाचा नाहीं. शिवाय, नीट जातां येतें याला प्रमाण आहे. अलास्कांतच मॅकनील नदीवर १९७३ पासून चिठ्ठ्या टाकून थोड्याच लोकांना, वाटाड्याबरोबर, अस्वलें पाहूं देतात. त्या व्यवस्थेंत एकाही प्रेक्षकाला अस्वलाकडून इजा झालेली नाहीं. डेनालींतही नियम आहेत: अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यांत ठेवावें, स्वयंपाक तंबूपासून १०० यार्ड दूर करावा, अस्वलापासून ३०० यार्ड अंतर राखावें, झुडपांतून जातांना मोठ्यानें बोलत जावें, म्हणजे तें बिचारें दचकत नाहीं. हे नियम कित्येकांना भित्र्यांचे वाटतात. आम्हांस ते नीतीचे वाटतात. कारण त्यांनीं प्रवाशाचा जीव वांचतो तसा यजमानाचाही वांचतो.

कालिदासाचा दुष्यंत तपोवनांत शिरण्यापूर्वीं अलंकार व धनुष्य सारथ्याच्या हवालीं करतो. तो भ्याला होता असें कोणी म्हणत नाहीं. परक्याच्या घरीं आपला रुबाब बाहेर ठेवून जाणें, हें राजालाही शोभतें.

आमचा विद्यार्थी पुन्हा भेटेल तेव्हां भीति वाटली काय, हें आम्ही विचारणार नाहीं. तूं निघाल्यावर तेथें तुझें काय मागें राहिलें, एवढेंच विचारूं. “कांहीं नाहीं,” असें तो म्हणाला, तर त्याला शूर म्हणावयास आमची हरकत नाहीं.