पान मधे येतंय

माणसाची खरी परीक्षा संकटात होते असं म्हणतात. साफ चूक. संकटात शेजारीपाजारी धावून येतात. खरी परीक्षा होते ती कुणी स्वतः काढलेला पक्ष्याचा फोटो आपल्या नाकासमोर धरून "कसा आलाय?" असं विचारतो तेव्हा. तिथे कुणी धावून येत नाही.

आमच्या शाखेत हा प्रसंग दर सोमवारी येतो. आमच्या कॅशियरांनी हप्त्याने कॅमेरा घेतला, त्यावर दुधाच्या किटलीएवढी लेन्स चढवली आणि दर रविवारी पहाटे ते पुण्याजवळ कवडी पाटला नदीकाठी जाऊन बसू लागले. हिवाळ्यात तिथे चक्रवाक येतात, शेकाटे येतात, धोबी शेपट्या हलवत फिरतात. सोमवारी कॅश उघडण्याआधी आम्हाला या सर्वांचं दर्शन घडतं. "हा चक्रवाक," ते म्हणतात. आम्हाला पाणी दिसतं. पाण्यात एक ठिपका दिसतो. आम्ही म्हणतो, "छान आलाय!"

हे 'छान' म्हणजे लग्नातलं आहेराचं पाकीट. आत किती आहे याला महत्त्व नाही. दिलं, याला आहे.

त्यांचं पाहून मीही एक जुना कॅमेरा घेतला. पहिलाच फोटो तारेवर बसलेल्या खंड्याचा. मी बटण दाबेपर्यंत खंड्याला मासा दिसला. हिने फोटो उजेडात नेऊन नीट पाहिला आणि म्हणाली, "तार छान आलीये." चिरंजीव म्हणाले, "बाबा, शटरस्पीड वाढवा." मला दोघांचाही राग आला. हिचा जास्त आला, कारण तिचं अगदी खरं होतं. त्या रात्री मला शोध लागला की अभिप्राय मागणारा माणूस अभिप्राय मागतच नसतो. तो स्तुती मागत असतो. संकोचापोटी तिला अभिप्राय म्हणतो, इतकंच.

पण मी पडलो बँकेतला माणूस. शिल्लक नसताना दिलेला चेक आणि मनात नसताना म्हटलेलं 'छान', दोन्ही एकाच जातीचे. तेव्हा ठरवलं, यापुढे खरं तेच बोलायचं.

गेल्या पावसाळ्यात कॅशियरांनी शिंप्याच्या घरट्याचा फोटो आणला. शिंपी म्हणजे चिमणीहूनही लहान, शेपटी उभारून फिरणारा पक्षी. पण कारागीर असा की पानाच्या कडांना चोचीने भोकं पाडून कापसाच्या नि कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी ते शिवतो आणि त्या द्रोणात घरटं करतो. हे घरटं कॅशियरांच्या सोसायटीतच, कमरेएवढ्या झुडपात होतं. फोटोत तीन उघड्या चोची होत्या. मी चष्मा चढवला, खरं बोलायचं ठरलेलंच होतं, आणि म्हणालो, "फोटो चांगलाय. पण ते वरचं पान मधे येतंय."

"करेक्ट!" ते म्हणाले. "मलाही काहीतरी खटकतच होतं."

एक प्रामाणिक अभिप्राय दिल्याच्या आनंदात मी त्या दिवशी दोन चहा जास्त प्यायलो.

पुढच्या सोमवारी दुसरा फोटो आला. पान मधे येत नव्हतं. "बाजूला बांधलंत का?" मी विचारलं. "काढूनच टाकलं," ते म्हणाले. फोटो खरोखरच सुरेख होता. शिपायापासून मॅनेजरसाहेबांपर्यंत सर्वांनी 'वा' म्हटलं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत कॅशियर डबा न उघडताच बसून होते. "घरटं रिकामं झालंय," ते म्हणाले. "कावळा असेल, नाहीतर मांजर." थोड्या वेळाने म्हणाले, "जोडी अजून तिथेच ओरडत फिरतेय हो." मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलायला हवं होतं.

ते पान तिथे कशाला होतं? ऊन अडवायला, पाऊस अडवायला, कावळ्याची नजर अडवायला. मधे येणं हेच तर त्याचं काम होतं!

आता सांगा, मी खोटं बोललो होतो का? मुळीच नाही. पान मधे येतच होतं. पण कॉमर्सला असताना द्विनोंदी पद्धत घोकली होती: कुठे काही जमा झालं की दुसरीकडे कुठेतरी ते नावे पडतंच. फोटोच्या खात्यात सौंदर्य जमा झालं, आमच्या खात्यात कौतुक जमा झालं. नावे कुणाच्या पडलं, हे वीस वर्षं खातेवह्या जुळवणाऱ्या माणसाने विचारलं नाही. कावळ्याला घरटं तसंही सापडलं असतं, असं मनाला सांगून पाहिलं. शक्य आहे. पण कर्ज बुडवणाऱ्या प्रत्येकाकडेही असं एखादं 'शक्य आहे' असतंच.

यावरून सालिम अलींची गोष्ट आठवते. 1908 साली, शाळकरी वयात, त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग असलेली ही निराळीच चिमणी ओळखून घ्यायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथल्या मिलार्डसाहेबांनी 'नेम छान' म्हटलं नाही, की पोराला झापलंही नाही. त्यांनी चिमणी कोणती ते सांगितलं आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. मुलाची नजर नेमावरून पक्ष्याकडे वळली. अभिप्राय म्हणतात तो याला.

म्हणून आता कुणी फोटो दाखवला की मी 'छान' म्हणत नाही आणि पानांबद्दल तर बोलतच नाही. विचारतो, "काय करत होता हो तो?" परवा कॅशियर एका धूसर नाचणाबद्दल दहा मिनिटं सांगत होते. फोटोत फक्त पंख्यासारखी शेपटी होती. काउंटरपुढची रांग दारापर्यंत गेली होती.

शिंप्याचा तो फोटो मात्र मॅनेजरसाहेबांनी मोठा करून, चौकट घालून, मुदत ठेवींच्या व्याजदरांच्या फलकाशेजारी लावलाय. लोक पासबुक भरून घेताना तो पाहतात आणि "वा!" म्हणतात. माझ्या खुर्चीतून तो दिवसभर समोर दिसतो. अगदी स्वच्छ दिसतो. मधे काहीच येत नाही.