दूरच्या राष्ट्राचा न्याय कसा करावा?



२०२५ सालच्या दिवाळीनंतर किनवट तालुक्यांतील आपला एक बंधु कापूस घेऊन बाजारीं गेला होता. भाव ऐकून त्याचें तोंड उतरलें. तेव्हां शेजारीं उभ्या असलेल्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानें त्यास म्हटलें, "काय हो, तुमच्या अमेरिकेनें आमचा कापूस बुडविला ना!" बोलणें थट्टेचें होतें, परंतु आपल्या बंधूस तें लागलें. संध्याकाळीं तो मजकडे येऊन म्हणाला, "पाळकसाहेब, मी अमेरिका पाहिली नाहीं, तेथें मत दिलें नाहीं. माझ्या घरांत पवित्र शास्त्र आहे, एवढ्यावरून ती माझी कशी झाली? मीं त्यास काय उत्तर द्यावयास पाहिजे होतें?" त्या दिवशीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें उत्तर शोधण्यासाठीं हा लेख लिहीत आहें.

प्रथम घडलें काय तें पाहूं. अमेरिकेच्या सरकारनें ७ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या देशांतून जाणाऱ्या पुष्कळ मालावर शेंकडा २५ अधिक जकात बसविली. आपला देश रशियाचें तेल विकत घेतो ह्या कारणानें २७ ऑगस्टपासून तींत आणखी २५ ची भर घातली. पुढें हे दर बदलले, परंतु त्या हंगामांत कपड्याच्या कारखान्यांच्या मागण्या अडल्या. तेव्हां गिरण्यांस स्वस्त कापूस मिळावा म्हणून आपल्याच सरकारनें बाहेरून येणाऱ्या कापसावरील शेंकडा ११ ची जकात १९ ऑगस्टपासून उठविली, आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. मध्यम धाग्याच्या कापसास क्विंटलास ७,७१० रुपये हमीभाव जाहीर झाला होता खरा. परंतु त्या पावसाळ्यांत अतिवृष्टीनें मराठवाड्याचीं शेतें धुऊन नेलीं होतीं. ज्याचा कापूस ओला आणि ज्याच्या घरीं पैशाची निकड, त्यास थांबावयास सवड कोठून असणार? तेव्हां शेजाऱ्याचें बोलणें अर्धें खरें होतें. परदेशाची जकात, आपल्या सरकारचा निर्णय आणि आभाळाचें पाणी, असे तीन हात त्यांत होते. त्यानें एकाच हाताचें नांव घेतलें. न्याय करणाराची पहिली चूक बहुधा हीच असते. जें दूर आहे त्याजवर सर्व दोष टाकणें सोपें जातें, कारण तें उत्तर देत नाहीं.

आतां, ज्यांच्या हातीं २० जानेवारी २०२५ रोजीं त्या देशाची सत्ता आली ते कोण? त्यांच्या पक्षाचें नांव रिपब्लिकन. आमच्या भागांत हें नांव ऐकतांच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुयायांनीं १९५७ सालीं स्थापिलेला पक्ष आठवतो. हा तो नव्हे. हा पक्ष १८५४ सालीं गुलामगिरीचा प्रसार रोखण्यासाठीं निघाला, लिंकन त्याच पक्षाचे, आणि १८६५ सालीं त्या देशांतून गुलामगिरी कायद्यानें नाहींशी झाली. परंतु काळाबरोबर पक्षांच्या जागा बदलल्या. १९६४ सालीं काळ्या लोकांस समान हक्क देणारा कायदा झाल्यावर दक्षिणेकडील गोरे मतदार हळूहळू ह्या पक्षाकडे वळले. १९७३ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें गर्भपाताचा हक्क मान्य केला. त्यामुळें पुष्कळ भाविक माणसें राजकारणांत उतरलीं, १९७९ सालीं 'मॉरल मेजॉरिटी' नांवाची संस्था निघाली, आणि दुसऱ्याच वर्षीं रेगन निवडून आले. तो हक्क न्यायालयानेंच २०२२ सालीं काढून घेतला. अशा रीतीनें जो पक्ष एकदां मोठा फेरबदल करण्यासाठीं निघाला, तो आज स्थितिप्रियांचा, म्हणजे जुनें राखूं पाहणाऱ्यांचा पक्ष म्हणून ओळखला जातो.

जुनें राखणें हें स्वतः पाप आहे काय? आपली शेतकरीण जोंधळ्याचीं चांगलीं कणसें निवडून बियाण्यासाठीं वेगळीं ठेविते आणि त्यांस राख लावून जपते. तिच्यासारखें स्थितिप्रिय कोण? ती नसती तर पुढील साल पेरणी झाली नसती. परंतु तीच बाई किडलेला दाणा जुना आहे म्हणून ठेवीत नाहीं. कुटुंब टिकावें, न जन्मलेल्या बालकाचा जीव जपला जावा, सरकारनें घराच्या उंबरठ्याच्या आंत फार येऊं नये, ह्या त्या लोकांच्या मागण्यांत विचारी मनुष्यास पटण्याजोगें पुष्कळ आहे, जरी त्यांवर प्रामाणिक मतभेदही आहे. मात्र त्याच टोपलींत आश्रयास आलेल्या परक्याचें भय आणि दुसऱ्या राष्ट्राच्या गरिबाविषयीं बेपर्वाई हीही येऊन पडलीं, तर टोपली जशीच्या तशी घ्यावी असें नाहीं, आणि जशीच्या तशी फेंकावी असेंही नाहीं. दाणा दाणा निवडावा लागतो.

ह्याचें एक उदाहरण पाहा. २००३ सालीं ह्याच पक्षाचे अध्यक्ष बुश यांनीं एड्सच्या रोग्यांसाठीं, विशेषतः आफ्रिकेंतील रोग्यांसाठीं, मोठी मदत सुरू केली. तिनें दोन कोटींहून अधिक जीव वांचले असें अमेरिकेच्या सरकारचें सांगणें आहे, आणि तेथील स्थितिप्रिय ख्रिस्ती लोकांचा तिला पाठिंबा होता. २०२५ सालीं त्याच पक्षाच्या सरकारनें परदेशांस मदत देणारें खातेंच मोडलें, आणि अनेक देशांत औषधाच्या रांगेंत उभी असलेलीं माणसें रिकाम्या हातीं परतलीं. पक्ष तोच, मतदारही बव्हंशीं तेच. आतां "ते लोक चांगले" किंवा "ते लोक वाईट" असा एका शब्दाचा निकाल कोण देईल?

आणि ते लोक म्हणजे तरी कोण? २०२४ च्या निवडणुकींत स्वतःस इव्हँजेलिकल म्हणविणाऱ्या गोऱ्या मतदारांपैकीं दहांतील सुमारें आठांनीं ह्या पक्षाच्या उमेदवारास मत दिलें; काळ्या प्रॉटेस्टंट मतदारांतील बहुतेकांनीं त्याच्या विरुद्ध दिलें. शास्त्र तेंच, प्रार्थना तीच, आणि मतपेटींत हात मात्र वेगवेगळे. म्हणून जो उपदेशक मोबाइलवर तेथील भाषणें ऐकून आपल्या मंडळींत "अमुक पुढाऱ्याचा विजय हा देवाचा विजय" असें सांगतो, त्यानें थांबून विचारावें, कीं त्या दुसऱ्या बंधूंचा देव कोणता? आपण सुवार्ता सांगावयास नेमलेले आहों, परक्या पक्षाचा प्रचार करावयास नव्हे.

परदेशांतील लोकमत हेंही फार स्थिर माप नव्हे. २०१९ च्या सप्टेंबरांत ह्यूस्टन शहरीं आणि २४ फेब्रुवारी २०२० रोजीं अहमदाबाद येथें ट्रम्प यांच्या नांवानें आपल्या लोकांनीं जयघोष केला. २०२५ च्या आरंभीं बहुतेक देशांत त्यांजवर विश्वास नसणारे अधिक असतां आपल्या देशांत विश्वास असणारेच अधिक निघाले. मग ऑगस्ट आला, जकात आली, आणि त्याच तोंडांतून शिव्या आल्या. मधल्या काळांत परक्यांस हांकून देण्याचें आणि मदत तोडण्याचें जें काम तेथें झालें, त्यानें आपणांस राग आला नव्हता. आपल्या खिशास हात लागला तेव्हां आला. ह्यावरून दिसतें कीं पुष्कळदां आपण न्याय करीत नसून आपला नफातोटा मोजीत असतों.

ख्रिस्ती मनुष्यास ह्या बाबतींत आणखी दोन मोह आहेत. पहिला कृतज्ञतेचा. फेब्रुवारी १८१३ मध्यें गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मुंबईस उतरले, आणि अमेरिकन मिशनाचें मराठी देशांतील काम सुरू झालें. त्या देशाच्या लोकांनीं येथें शाळा काढिल्या, दवाखाने बांधिले; तेव्हां त्यांच्याविरुद्ध बोलणें हा कृतघ्नपणा असें कित्येकांस वाटतें. परंतु खरी कृतज्ञता कशी असते हें आपल्या पूर्वजांनीं दाखविलें आहे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला, तो त्यांनीं निग्रो लोकांस दास्यांतून सोडविण्यासाठीं स्वार्थत्याग केला म्हणून. अर्पण केलें तें राष्ट्राच्या बळास नव्हे, एका चांगल्या कृत्यास. पंडिता रमाबाईंच्या विधवांच्या शाळेसाठीं १८८७ सालीं बोस्टन शहरीं मंडळी स्थापन झाली. असें असतां १८८९ सालीं त्या देशाविषयीं पुस्तक लिहितांना बाईंनीं तेथील स्त्रियांच्या उद्योगाची मनापासून स्तुति केली, आणि मूळ रहिवाशांवरील अन्याय व वर्णद्वेष हेही झांकून ठेविले नाहींत. ज्याचें मीठ खाल्लें त्याचें खरें सांगणें, हेंही मिठास जागणेंच आहे.

खुद्द त्या मिशनऱ्यांतही ही रीत होती. ज्या अमेरिकन बोर्डानें हॉल व नॉट यांस पाठविलें, त्याचेच दोन सेवक, वूस्टर आणि बटलर, जॉर्जिया प्रांतांत चेरोकी लोकांमध्यें काम करीत होते. प्रांताच्या सरकारास चेरोकींची जमीन पाहिजे होती. तेथें राहण्यासाठीं सरकारचा परवाना घेऊन शपथ वाहावी, ही अट ह्या दोघांनीं नाकारिली, आणि १८३१ सालीं चार वर्षांची सक्तमजुरीची शिक्षा पत्करिली. वरिष्ठ न्यायालयानें १८३२ सालीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला. तथापि १८३८ सालीं चेरोकींस हाकलून देण्यांत आलेंच. आमच्या तालुक्यांतील गोंड व कोलाम बंधूंस जंगल आणि जमीन यांची ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागणार नाहीं. जमीन घेणारे आणि जमिनीसाठीं तुरुंगांत जाणारे, दोघेही अमेरिकनच, दोघेही प्रार्थनामंदिरांत जाणारे.

दुसरा मोह भयाचा. शेजाऱ्यांनीं आपणांस परके म्हणूं नये म्हणून आपण चारचौघांत त्या देशास सर्वांहून मोठ्यानें शिव्या द्याव्या, असें मन सुचवितें. परंतु भिऊन दिलेली शिवी ही साक्ष नव्हे. ह्याविषयीं आमच्या मराठवाड्याचा इतिहासच कठोर धडा देतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथें निजामाचें राज्य होतें. रझाकारांनीं खेड्यापाड्यांत जुलूम केला, आणि लोकांनीं तो सोसला. परंतु त्यानंतर, ज्यांचा त्या जुलुमांत कांहीं हात नव्हता अशा पुष्कळ गरीब मुसलमान कुटुंबांवर केवळ धर्म एक म्हणून सूड उगविला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें सर्वांत अधिक हानि झालेले म्हणून जे चार जिल्हे नमूद केले, त्यांत नांदेड होता. राजाचा धर्म तो प्रजेचा दोष, हें माप एकदां हातीं घेतलें कीं तें कोणाच्या दारीं थांबेल हें सांगतां येत नाहीं. आज थट्टेनें "तुमची अमेरिका" म्हटल्यानें आपणांस इतकें लागतें. तर आपणही कोणास "तुमचे अमुक" म्हणतांना जीभ आवरली पाहिजे.

कोणी म्हणेल, एवढा विचार कशास? किनवटच्या कापूसवाल्याच्या मतानें वॉशिंग्टनचें काय बिघडतें? बिघडत नाहीं, हें खरें. परंतु न्याय जसा दुसऱ्याचा होतो, तसा तो करणाराही त्यानें घडत जातो. जो दूरच्या गोष्टींत सरसकट बोलावयास शिकतो, तो जवळच्या गोष्टींतही तसेंच बोलतो. आणि ज्याच्या शेतापर्यंत एखाद्या कृत्याची झळ येते, त्यास त्या कृत्याविषयीं बोलण्याचा अधिकारही येतो, मग तो कितीही लहान असो.

तर मग माप कोणतें? मला असें वाटतें कीं कृत्याचा न्याय करावा, लोकांचा नव्हे. तें कृत्य सर्वांत दुबळ्या मनुष्यावर कसें पडतें तें पाहावें. अंतःकरण पाहणारा दुसरा आहे. आणि तेंच माप प्रथम आपल्या घरीं लावावें. अमेरिकेच्या स्थितिप्रियांविषयीं बोलणारे आपण स्वतः कसे आहों? कायद्यानें ख्रिस्ती मुलीस बापाच्या मालमत्तेंत मुलाइतका वांटा आहे. तरी बाप वारला कीं "आपल्यांत तशी रीत नाहीं" म्हणून तिजकडून हक्कसोडपत्रावर सही घेणारीं घरें आपल्या मंडळींत आहेत. ख्रिस्ताचें नांव घेऊन तीन पिढ्या झाल्या, तरी सोयरीक जुळवितांना जुनी जात विचारणारीं माणसेंही आहेत. हें कोणतें बियाणें आपण राख लावून जपलें आहे? परक्या देशाचा किडलेला दाणा आपणांस दिसतो, आणि आपल्या कणगींतील दिसत नाहीं.

आतां त्या बंधूस माझें उत्तर असें: पुन्हा कोणी तसें बोलला तर रागावूं नको, आणि लाजूंही नको. त्यास सांग, "दादा, अमेरिका माझी नाहीं, तुझीही नाहीं. त्या जकातीनें तुझा कापूस पडला तसा माझाही पडला. तें कृत्य गरिबास जाचक झालें, हें मी उघड म्हणतों. तेथल्या ज्या लोकांनीं चांगलें केलें त्यांचे उपकारही मी उघड मानतों. पण आपल्या भावाचा दुसरा हिशेब आपल्याच सरकाराकडे मागावयाचा आहे, तो दोघे मिळून मागूं." मग त्याच्या गाडीस हात लाव, आणि त्याचा कापूस उतरून दे. एवढें झाल्यावर "तुमची" आणि "आमची" हे शब्द त्याच्या तोंडीं पूर्वीच्या ठसक्यानें येणार नाहींत, असा मला भरवसा आहे.