राजाला प्रायश्चित्त कोणी सांगावे?

राजा चुकला तर त्याला प्रायश्चित्त कोणी सांगावे? आपण चटकन म्हणतो, धर्मपीठाने. बरे, पण धर्मपीठच सत्तेच्या मागे लागले, तर त्याला कोणी सांगावे?

पुण्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले आणि राघोबादादा गादीवर बसले. रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि न्यायाधीशपद टाकून ते वाईजवळ पांडववाडीस जाऊन राहिले. पाठीशी ना फौज, ना मठ. होते ते शास्त्र आणि ते बोलणारी जीभ.

आता त्यापूर्वी सातशे वर्षांची युरोपातली गोष्ट ऐका. तेथे राजे आपल्या मर्जीने बिशप नेमीत, धर्मपदे पैशाने विकली जात. रोमचे धर्मगुरू पोप सातवे ग्रेगरी यांनी हे मोडण्याचा चंग बांधला. जर्मनीचा राजा चौथा हेन्री ऐकेना, तेव्हा १०७६ साली त्याला बहिष्कृत केले. वर्षाच्या आत बहिष्कार उठला नाही, तर सरदार त्याला सोडणार होते. म्हणून १०७७ च्या जानेवारीत हा राजा इटलीत कानोसाच्या किल्ल्यापाशी तीन दिवस अनवाणी उभा राहिला. क्षमा मिळाली; पण अनुताप कुठला? १०८४ साली त्यानेच रोम घेऊन आपला पोप बसविला. ग्रेगरी पुढच्या वर्षी सालेर्नोस परागंदा वारले.

ग्रेगरींचा हेतू शुद्ध होता. पण राजाला पदच्युत करण्याचा अधिकारही आपलाच, असे ते म्हणू लागले, आणि आचार्य हाही भांडणातला एक पक्ष होऊन बसला. टिकले ते शास्त्र. ११४० च्या सुमारास बोलोन्याच्या ग्रॅशियनने परस्परविरोधी धर्मवचनांची एकवाक्यता लावून ग्रंथ केला. आपले निबंधकार करीत तेच काम. पुढे शतकानुशतके तो शिकविला गेला.

कोणी म्हणेल, 'बुवा, राघोबांनी तरी प्रायश्चित्त कुठे घेतले?' नाहीच घेतले. पण शास्त्रीबुवांनी त्या निकालातून काही मिळविले, असे वैऱ्यालाही म्हणता आले नाही. प्रायश्चित्त सांगणाऱ्याच्या पदरात त्यातून काही पडता कामा नये, मग वचनाला धार येते.

आम्हा कीर्तनकारांनाही हे लागू आहे. एकदा समोर सावकार यजमान बसले होते, म्हणून मी व्याजबट्ट्याचा दृष्टांत गाळला. बिदागी भरघोस मिळाली. ती केव्हाच खर्चून गेली. गाळलेले वाक्य मात्र अजून घशात आहे.